याओ मिंग की शकील ओनील? २००३च्या ऑल-स्टार सामन्यातील सेंटरच्या जागेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ऑल-स्टार सामन्यात, म्हणजे पूर्व आणि पश्चिम विभागांतील निवडक खेळाडूंच्या लढतीत, अटलांटा येथे ९ फेब्रुवारी २००३ रोजी पश्चिम विभागाच्या पहिल्या पाचांत सेंटर म्हणून (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या जागेवर) ह्यूस्टन रॉकेट्सचा बावीस वर्षांचा नवखा खेळाडू याओ मिंग उतरला, आणि आधीच्या सलग तीन अंतिम मालिकांमध्ये सर्वोत्तम ठरलेला लॉस एंजेलिस लेकर्सचा शकील ओनील, म्हणजे सर्वांचा शॅक, राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला. त्या निवडीवरून पेटलेला वाद वीस वर्षांनंतरही बास्केटबॉलप्रेमींच्या गप्पांत अधूनमधून डोके वर काढतो. त्यात हमखास येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. लिहिणाऱ्याचे मत एका बाजूला झुकलेले आहे, आणि ते लपवण्याचा प्रयत्न केलेला नाही.

प्रश्न : संघात दोघेही होते. मग पहिल्या पाचांत कोण, याला एवढे महत्त्व का?

कारण त्या काळी पहिले पाच आणि राखीव सात यांना निवडणारे हात वेगळे होते. पहिले पाच खेळाडू चाहत्यांच्या मतांनी ठरत. राखीव खेळाडू त्या-त्या विभागातील संघांचे प्रशिक्षक निवडत, आणि त्यांना आपल्याच संघातील खेळाडूला मत देता येत नसे. मतपत्रिकेवर दोन गार्ड (चेंडू खेळवणारे), दोन फॉरवर्ड (आघाडीचे) आणि एक सेंटर अशी विभागणी असे. म्हणजे गार्डला किंवा फॉरवर्डला पहिला क्रमांक हुकला तरी दुसरी जागा शिल्लक राहत असे. सेंटरला मात्र एकच जागा, आणि ती गेली की बाक. हा वाद सेंटरवरूनच इतका तापतो, याचे मूळ या मतपत्रिकेच्या रचनेत आहे.

प्रशिक्षकांच्या यादीत एक राखीव सेंटर असणे बंधनकारक होते, त्यामुळे शॅक संघाबाहेर राहण्याची शक्यता कधीच नव्हती. ‘शॅकला डावलले’ असे जे म्हटले जाते, त्याचा अर्थ इतकाच आहे की सुरुवातीच्या नामघोषणेत त्याचे नाव आले नाही आणि सामन्याची पहिली उडी (सुरुवातीला वर फेकलेल्या चेंडूसाठीची) त्याने घेतली नाही.

प्रश्न : प्रत्यक्ष मते किती पडली होती?

याओला १२,८६,३२४ मते मिळाली आणि शॅकला १०,४९,०८१. फरक २,३७,२४३ मतांचा. शॅकला मिळालेली मतेही दहा लाखांहून जास्त होती, ही गोष्ट वादाच्या भरात विसरली जाते. लोकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली असे चित्र आकड्यांतून उभे राहत नाही.



 

प्रश्न : केवळ खेळ पाहिला, तर कोण सरस होता?

शॅक, आणि तोही निर्विवादपणे. २००२-०३च्या संपूर्ण मोसमात त्याने सामन्यामागे २७.५ गुण, ११.१ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि २.४ ब्लॉक (हवेत अडवलेले शॉट) अशी कामगिरी केली आणि मैदानातून घेतलेल्या शॉटपैकी ५७.४ टक्के बास्केटमध्ये घातले. याओची सरासरी १३.५ गुण, ८.२ रिबाउंड आणि १.८ ब्लॉक अशी होती आणि शॉटची अचूकता ४९.८ टक्के.

मात्र हे आकडे नुसते शेजारी-शेजारी मांडणे याओवर थोडा अन्याय करणारे आहे. शॅक सामन्यामागे ३७.८ मिनिटे खेळत होता आणि याओ अवघी २९ मिनिटे. दोघांनाही ३६ मिनिटांच्या एकाच मापाने मोजले, तर याओचे रिबाउंड १०.२ आणि शॅकचे १०.६ येतात, ब्लॉक अनुक्रमे २.२ आणि २.३. रिंगखालच्या संरक्षणात्मक कामात हा पोरगेला नवखा त्या काळच्या सर्वांत दांडग्या सेंटरच्या जवळपास खांद्याला खांदा लावून उभा होता, हे या हिशोबातून दिसते. गुणांचा हिशोब मात्र असा जुळत नाही. त्याच मापाने याओचे गुण सुमारे १७ आणि शॅकचे २६ येतात, आणि सेंटरकडून संघाला सर्वाधिक अपेक्षा असते ती रिंगजवळ चेंडू मिळाला की खात्रीने गुण काढण्याची. फ्री थ्रोवर (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटवर) याओ ८१.१ टक्के आणि शॅक ६२.२ टक्के, ही याओची एकमेव निर्विवाद आघाडी. तिने नऊ गुणांची खाई भरत नाही.

मोसम संपल्यावर पत्रकारांनी निवडलेल्या सर्वोत्तम संघातही पहिल्या पाचांत सेंटर म्हणून शॅकच होता. इतकेच नव्हे, तर वर्षातील सर्वोत्तम नवोदिताचा मानही याओला न मिळता फीनिक्सच्या अमारे स्टूडमायरला मिळाला.

प्रश्न : पण शॅक सुरुवातीचे सामने खेळलाच नव्हता ना?

पायाच्या अंगठ्यावरील शस्त्रक्रियेमुळे तो पहिल्या १२ सामन्यांना मुकला आणि त्या बारांपैकी लेकर्सने केवळ तीन जिंकले. तो परतल्यावरही गाडी लगेच रुळावर आली नाही. नाताळच्या दिवशी लेकर्सची नोंद ११ विजय आणि १९ पराभव अशी होती. याओच्या बाजूने मांडता येणारा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. मत देणारा माणूस डिसेंबरात मत देत होता, तेव्हा त्याच्यासमोर मोसमाअखेरचे आकडे नव्हते. एकीकडे उशिरा आलेला आणि गटांगळ्या खाणाऱ्या संघातला शॅक होता, तर दुसरीकडे दर आठवड्याला काहीतरी नवे करून दाखवणारा याओ. याओ त्या मोसमात सर्वच्या सर्व ८२ सामने खेळला, शॅक ६७.

तरीही या मुद्द्याला मर्यादा आहे. शॅकशिवाय ३-९ अशी वाताहत होणे हा शॅकविरुद्धचा पुरावा नसून त्याचे मोल सांगणारा पुरावा आहे, आणि पुढे याच लेकर्सने ५० सामने जिंकून मोसम संपवला. रॉकेट्सने ४३ जिंकले आणि ते बाद फेरीच्या उंबरठ्यावर अडखळले.

प्रश्न : म्हणजे याओ केवळ लोकप्रियतेवर निवडून आला?

केवळ लोकप्रियतेवर, असे म्हणणे त्या मोसमाचे पहिले तीन महिने न पाहणाऱ्यालाच शोभेल. ३० ऑक्टोबर २००२ रोजी इंडियाना पेसर्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्याला एकही गुण मिळाला नाही, दोन रिबाउंड तेवढे मिळाले, आणि शांघायहून आणलेला हा सात फूट सहा इंचांचा खेळाडू फुसका बार ठरणार, असे बोलणारे पुष्कळ निघाले. माजी खेळाडू आणि दूरचित्रवाणीवरील समालोचक चार्ल्स बार्कली याने तर याओ मोसमात एकाही सामन्यात १९ गुण काढणार नाही, अशीच पैज घेतली. १७ नोव्हेंबरला लेकर्सविरुद्ध याओने नऊपैकी नऊ शॉट बास्केटमध्ये घालून २० गुण काढले. पैजेची परतफेड म्हणून बार्कलीला स्टुडिओत आणलेल्या एका गाढवाच्या पार्श्वभागाचे चुंबन घ्यावे लागले. ते दृश्य ज्यांनी पाहिले त्यांच्या स्मरणातून जाणे अवघड. (शॅक त्या सामन्यात नव्हता, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.) त्यानंतर चारच दिवसांनी डॅलसविरुद्ध याओचे ३० गुण आणि १६ रिबाउंड झाले.

मग १७ जानेवारी २००३ हा दिवस आला. ह्यूस्टनमध्ये दोघे प्रथमच समोरासमोर उभे राहिले. रॉकेट्सचे पहिले सहाही गुण याओने केले. दुसऱ्या टोकाला शॅकने सवयीप्रमाणे पाठ लावून, रेटत रेटत रिंगखाली जागा केली आणि वळून शॉट घेतला, तेव्हा त्याला वर एक पंजा आधीच उभा असलेला दिसला. पहिल्या काही मिनिटांत याओने त्याचे दोन शॉट थेट ब्लॉक केले आणि आणखी दोन शॉट त्या लांब हातांच्या धाकाने वाकडे गेले. चारही शॉट अगदी रिंगजवळचे होते. खांद्याच्या धक्क्याने ज्याला बाजूला सारता येणार नाही आणि ज्याच्या डोक्यावरूनही चेंडू टाकता येणार नाही, असा प्रतिस्पर्धी शॅकला क्वचितच भेटला असेल. सामना जादा वेळेत गेला, शेवटचे दहा सेकंद उरले असताना याओने डंक मारून (चेंडू वरून थेट रिंगमध्ये घालून) विजयावर शिक्कामोर्तब केले, आणि रॉकेट्सने १०८-१०४ अशी बाजी मारली.

पण त्या सामन्याची पूर्ण नोंद वाचली की उत्साह थोडा उतरतो. याओचे १० गुण, १० रिबाउंड आणि ६ ब्लॉक; शॅकचे ३१ गुण आणि १३ रिबाउंड. सुरुवातीच्या त्या चार शॉटनंतर शॅकने आपला मार्ग शोधला होता. ह्यूस्टनला सामना जिंकून देण्यात सर्वांत मोठा वाटा स्टीव्ह फ्रान्सिसच्या ४४ गुणांचा होता. लोकांच्या लक्षात मात्र तो पंजा राहिला.

प्रश्न : चीनमधील मतांमुळे निकाल फिरला का?

त्या वर्षी एनबीएने इंग्रजी आणि स्पॅनिशबरोबर प्रथमच चिनी भाषेतही मतपत्रिका उपलब्ध करून दिली होती, त्यामुळे हा संशय घेतला जाणे स्वाभाविक होते. परंतु या संशयात एक गृहीतक दडलेले आहे, आणि ते तपासून पाहायला हवे : अमेरिकेतील मत खरे आणि शांघायमधील मत खोटे, असे ते गृहीतक. मतदान सर्व देशांतील चाहत्यांसाठी खुले ठेवायचे, सामना जगभर दाखवून त्याचे पैसे घ्यायचे, आणि मग बाहेरच्यांनी मते दिली म्हणून नाक मुरडायचे, हे सुसंगत नाही. नियमांच्या आत राहून पडलेले मत हे मत असते. शॅकचे समर्थन करण्यासाठी मतदारांची जात काढण्याची गरज नाही. त्याचा खेळ पुरेसा आहे.

प्रश्न : शॅकने याओची टिंगल केल्यामुळे त्याची मते गेली, हे खरे आहे का?

टिंगल झाली होती हे खरे. जून २००२मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात शॅकने चिनी बोलण्याची चेष्टेखोर नक्कल केली होती. जानेवारी २००३मध्ये ती गोष्ट वर्तमानपत्रांतून पुन्हा वर आली, टीका झाली आणि शॅकने माफी मागितली. याओने प्रकरण वाढू दिले नाही. चिनी भाषा शिकायला अवघडच आहे, लहानपणी आपल्यालाही जड गेली होती, अशा आशयाचे हसरे उत्तर देऊन त्याने विषय संपवला. या प्रकरणावर गदारोळ उठला तोवर मतदान कित्येक आठवडे चाललेले होते. मतपत्रिकेवर कारण लिहायला जागा नसते, त्यामुळे पराभवाचे खापर या एका गोष्टीवर फोडणे घाईचे ठरेल.

प्रश्न : टिम डंकनचे नाव या वादात का येत नाही? तोही सेंटरच होता ना?

या सर्व प्रश्नांमधला हा सर्वांत मार्मिक प्रश्न. सान अँटोनियोचा डंकन त्या मोसमाअखेर लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला, आणि तो रिंगकडे पाठ करून सेंटरसारखाच खेळत असे. पण त्याच्या संघात डेव्हिड रॉबिन्सन हा घोषित सेंटर असल्यामुळे डंकनची नोंद मतपत्रिकेवर फॉरवर्ड म्हणून होती, आणि फॉरवर्ड म्हणून तो केव्हिन गार्नेटबरोबर निवडून आला. म्हणजे ‘पश्चिमेचा सर्वोत्तम सेंटर कोण’ या वादातून एक तगडा दावेदार छापील शब्दामुळे आधीच वगळला गेला होता. याओ आणि शॅक यांच्यात एकाच जागेसाठी चुरस झाली, तीही त्याच छापील शब्दामुळे.

पूर्व विभागात नेमके याच्या उलट चित्र होते. तिथे डेट्रॉइटचा बेन वॉलेस पहिल्या पाचांत सेंटर म्हणून आला. त्याची गुणांची सरासरी होती ६.९, पण रिबाउंड १५.४ आणि ब्लॉक ३.२. याओला ‘आकडे कमी’ म्हणून नाकारणाऱ्यांनी वॉलेसविषयी तेवढा आरडाओरडा केल्याचे स्मरत नाही. सेंटरचे मोल गुणांत मोजायचे की रिंगचे राखण करण्यात, याविषयी मापदंड एकच ठेवला पाहिजे. माझ्या मापाने वॉलेस पात्र होता, कारण आपल्या कामात त्याच्या जवळपासही कोणी नव्हते. याओ त्याच्या कामात शॅकच्या जवळ होता, पुढे नव्हता.

प्रश्न : याओने आपली जागा शॅकला द्यायला हवी होती का? व्हिन्स कार्टरने तर दिली.

पूर्व विभागातून निवडून आलेल्या कार्टरचे उदाहरण येथे लागू पडत नाही. दुखापतीमुळे तो त्या मोसमात फारच थोडे सामने खेळला होता, आणि त्याने जागा दिली ती अखेरचा ऑल-स्टार सामना खेळणाऱ्या मायकेल जॉर्डनला. तीदेखील बरीच ओढाताण झाल्यावर, सामना सुरू होण्याच्या थोडा वेळ आधी. शॅक निवृत्त होत नव्हता आणि याओ जायबंदी नव्हता. बारा लाखांहून जास्त मतांनी दिलेली जागा नवख्या खेळाडूने परस्पर दुसऱ्याला देणे हा औदार्याचा नव्हे, मतदारांच्या अवमानाचा प्रकार झाला असता. ग्रँट हिलनंतर, म्हणजे १९९५नंतर, पहिल्या पाचांत निवडून आलेला याओ हा पहिलाच नवोदित होता.

प्रश्न : प्रत्यक्ष सामन्यात काय घडले?

याओ १७ मिनिटे खेळला आणि त्याने एक बास्केट केली. शॅक २६ मिनिटे खेळला आणि त्याने १९ गुण व १३ रिबाउंड मिळवले. पश्चिमेने दोन जादा वेळांनंतर १५५-१४५ असा विजय मिळवला आणि ३७ गुण करणारा गार्नेट सर्वोत्तम ठरला. कोण आधी उतरतो आणि कोण जास्त खेळतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली चाहत्यांनी ठरवली, दुसरी प्रशिक्षक रिक ॲडलमन यांनी.

प्रश्न : शॅकने याचा वचपा काढला का?

पुढच्याच वर्षी. २००४चा सामना लॉस एंजेलिसमध्ये, शॅकच्या स्वतःच्या मैदानावर होता आणि चाहत्यांनी पुन्हा याओलाच पहिल्या पाचांत बसवले. शॅक बाकावरून उठून आला, त्याने २४ गुण आणि ११ रिबाउंड केले, पश्चिमेने १३६-१३२ असा सामना जिंकला आणि सर्वोत्तम खेळाडूचा चषक शॅकने घरी नेला. त्या उन्हाळ्यात तो मायामीला, म्हणजे पूर्व विभागात गेल्यामुळे ही चुरसच संपली. २००५मध्ये याओला २५,५८,२७८ मते पडली आणि १९९७मधील जॉर्डनचा विक्रम मोडला. २०१६मध्ये दोघांचाही बास्केटबॉलच्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये (सन्मान दालनात) एकाच समारंभात प्रवेश झाला.

प्रश्न : मतपत्रिकेवरून सेंटरची जागा का काढली?

२०११मध्ये याओ पुन्हा निवडून आला; त्या मोसमात तो दुखापतीमुळे जेमतेम पाच सामने खेळला होता. एका बाजूला मतदारांच्या प्रेमाची अशी टोके, आणि दुसऱ्या बाजूला खेळच बदललेला : रिंगखाली ठाण मांडून बसणारे जुन्या घडणीचे सेंटर कमी होत चालले होते. २०१२-१३च्या मोसमापासून सेंटर आणि फॉरवर्ड एकत्र करून आघाडीच्या तीन जागा ठेवण्यात आल्या.

मूळ दुखणे मात्र त्याने बरे झाले नाही. २०१६मध्ये डॅलसचा झाझा पाचुलिया, जो कष्टाळू पण सामान्य सेंटर होता, सान अँटोनियोच्या कावाय लेनर्डपेक्षा १४,२२७ मते कमी पडली म्हणून पहिल्या पाचांतून थोडक्यात हुकला. पुढच्या मोसमापासून चाहत्यांच्या मताला ५० टक्के आणि खेळाडू व पत्रकार यांच्या मतांना प्रत्येकी २५ टक्के वजन देण्यात आले. त्या वर्षी पाचुलिया पश्चिमेच्या आघाडीच्या खेळाडूंत चाहत्यांच्या मतांत दुसरा आला, तरी नव्या नियमाने त्याला बाहेर ठेवले. नियम चाळणीचे काम करतो, हे त्यातून दिसले.

प्रश्न : हाच ५०-२५-२५ चा नियम २००३मध्ये असता, तर शॅक पहिल्या पाचांत आला असता का?

बहुतेक लोक ‘अर्थातच’ असे उत्तर देतात. कागद घेऊन बसल्यास उत्तर वेगळे येते. या पद्धतीत मतांची संख्या नव्हे, तर प्रत्येक गटातील क्रमांक मोजला जातो : चाहत्यांमधील क्रमांक दोनदा, खेळाडूंमधील एकदा, पत्रकारांमधील एकदा, आणि बेरजेला चारने भागायचे, ज्याची संख्या लहान, तो वर. सेंटरची एकच जागा आहे असे धरू. याओ चाहत्यांत पहिला आणि शॅक दुसरा. खेळाडू आणि पत्रकार या दोघांनीही शॅकला पहिला व याओला दुसरा क्रमांक दिला, असे शॅकच्या सोयीने मानू. याओचा हिशोब दोन अधिक दोन अधिक दोन, म्हणजे सहा, भागिले चार, म्हणजे १.५. शॅकचा चार अधिक एक अधिक एक, म्हणजे सहा, भागिले चार, म्हणजे १.५.

ही कल्पनेतली करामत नाही. २०१७मध्ये पश्चिमेच्या गार्डमध्ये स्टीफन करी, जेम्स हार्डन आणि रसेल वेस्टब्रूक हे तिघे नेमके अशाच रीतीने २ या एकाच आकड्यावर अडकले. खेळाडू आणि पत्रकार या दोन्ही गटांत वेस्टब्रूक पहिला होता, पुढे तोच त्या मोसमाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला, आणि तरीही तो बाकावर बसला. कारण बरोबरी झाली की निर्णय चाहत्यांच्या मतांवर सोडला जातो, आणि तो तिथे तिसरा होता.

२००३चे माझे मत शॅकलाच पडले असते. पण वरच्या हिशोबातली बरोबरी याच नियमाने सोडवली, तर अटलांटात पहिल्या उडीसाठी उभा राहिला असता तो याओच. खेळाडूंनी किंवा पत्रकारांनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर ढकलले असते, तरच ती जागा शॅकला मिळाली असती.